चौथ्या दगडावरचा धाकू

ये, अशी जवळ सरक. खांबाला टेकून बस, पाय मोकळे सोड. कीर्तन संपलं, आरती झाली, बुक्का लागला, बुवा आत फराळाला बसले. आपल्या पानापर्यंत खिचडी यायला अजून वेळ आहे. तोवर तुला एक गोष्ट सांगते.

मघाशी तू विचारलंस ना, "मावशी, सगळे बुवांकडे बघतात, तुम्ही मागच्या टाळकऱ्याकडे काय बघत बसता?" त्याचंच हे उत्तर आहे, फक्त जरा लांबीचं. गोष्ट प्रेमाची आहे आणि माझीच आहे, तेव्हा मध्येच मी पदर तोंडावर घेतला तर समजून घे.

एवढं मात्र आधीच सांगून ठेवते. मला एक सवत होती. आणि माझ्या त्या सवतीला चांगल्या झुपकेदार मिशा होत्या.

हसतेस काय? ऐक तर.

तेव्हा डोंबिवलीला गाडी थांबत नव्हती. शिट्टी घालून धूर सोडायची आणि ठाण्याकडे निघून जायची. गाव म्हणजे भातशेतं, चिंचेची झाडं आणि खाडीकडे उतरत गेलेली मिठागरं. मी एकोणीस वर्षांची. नवव्या वर्षी लग्न झालं होतं, दहाव्या वर्षी तो मुलगा देवीच्या साथीत गेला. त्याचा चेहराही मला आठवत नाही, खोटं कशाला सांगू. तेव्हापासून मी आत्याकडे, सखुबाईकडे, राहत होते. आम्ही दोघी आगरावर मिठाच्या गोण्या शिवायचो. दाभण आणि सुतळी, सकाळपासून उन्हं कलेपर्यंत. माझा टाका गावात 'आवडाचा टाका' म्हणून ओळखीचा होता. माझ्या हातची गोणी गलबतात आपटली तरी उसवत नसे.

माघातली दुपार होती. गोण्यांच्या आडोशाला बसून मी पेजेचं मडकं उघडलं, मिठाचा खडा टाकायला हात उचलला… आणि आभाळातून काहीतरी आलं ते धप्पकन मडक्यात. पेज माझ्या तोंडावर, लुगड्यावर, भुवयांवर. मी डोळे पुसून बघते तो समोर एक उंच, काळासावळा माणूस धापा टाकत उभा. गुडघ्यापर्यंत पांढरं मीठ चढलेलं, कानामागे खोचलेलं एक झेंडूचं फूल.

"चेंडू पडला का हो बाई इथं?"

"नाही," मी म्हटलं, "इथं पेज पडली. चेंडू मडक्यात बसलाय."

त्यानं वाकून मडक्यात हात घातला, चेंडू काढला, आणि काय केलं असेल? हाताची बोटं चाखली. डोळे मिटून, अगदी मन लावून.

"मीठ नाय," तो म्हणाला.

"टाकणारच होते. तेवढ्यात तुमचा प्रसाद आला."

तो हसला नाही. फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग हळूच म्हणाला, "माझी भाकर आहे तिकडं. आणून देतो. उपाशी नका राहू."

तो धाकू.

आगरावर त्याचं काम जिभेचं होतं. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, ते तापत तापत दाट होतं. मीठ धरण्याजोगं झालं की त्याला पाणी पिकलं म्हणायचं. ते पिकलं का कच्चं, हे धाकू बोट बुडवून, चाखून सांगायचा. कुठल्या वाफ्याचं पाणी आहे तेसुद्धा डोळे बांधून सांगे. त्यानं 'पिकलं' म्हटल्याशिवाय कोणी फावडं लावत नसे.

आणि चेंडूचं म्हणशील तर ती भानगड अशी. कल्याणपुढच्या पुलाच्या कामावर एक गोरा मिस्त्री आला होता. इंग्रज नव्हे, अमेरिकेचा. पावसात आगर बंद असतं तेव्हा आमची माणसं त्या कामावर दगड वाहायला जायची. त्यानं त्यांना आपल्या मुलखातला एक खेळ शिकवला. चार कोपऱ्यांना चार दगड. एकानं चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं दांडक्यानं तो टोलवायचा आणि पहिल्या दगडापासून पळत दुसरा, तिसरा, चौथा करून परत पहिल्याला यायचं. एक फेरी पुरी झाली की एक गुण. मिस्त्री पूल बांधून निघून गेला, खेळ मागे राहिला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं चौदगडी. भात कापून झालं की शेतं मोकळी, मग गावोगाव चौदगडी.

आणि या खेळातला राजा होता गोपीनाथ. तीच माझी सवत.

रुंद छाती, पिळदार मिशा, डोक्याला लाल मुंडासं. तो टोला मारायचा तेव्हा चेंडू शेताच्या कडेच्या ऐनाच्या झाडावरून पलीकडे जायचा आणि बायका हातातलं काम टाकून बघायच्या. धाकू त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. धाकूची पाळी नेहमी गोपीनाथाच्या आधी. तो कधी मोठा टोला मारत नसे. एवढासा टोला, दोन माणसांच्या मधून, आणि पळत पळत कसंबसं चौथ्या दगडापर्यंत. तिथं उभा राहायचा. मग गोपीनाथ यायचा, आभाळात टोला हाणायचा, धाकू चौथ्यावरून पहिल्याला पोचायचा, फेरी पुरी. टाळ्या गोपीनाथाला. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या कोण वाजवायचं, सांग? धाकूच.

त्या दिवशी चेंडूची शिवण उसवली होती. चिंध्यांचा गाभा, वर सुतळी, वर चामड्याचा तुकडा. मी दाभणानं शिवून दिला. धाकूनं तो उलटसुलट करून पाहिला.

"गोप्याला आवडंल," म्हणाला.

मला वाटलं, 'मला आवडला' म्हणेल. पण नाही.

त्यानंतर तो दर चार-पाच दिवसांनी यायला लागला. कधी शिवण सैल, कधी चामडं फाटलेलं. एकदा तर मला स्पष्ट दिसलं, शिवण दगडानं घासून तोडलेली होती. मी मनात हसले. हा चेंडूसाठी येत नाही, म्हटलं. केस नीट विंचरले, पेजेत मीठ वेळेवर टाकलं. तो यायचा, उकिडवा बसायचा, मी टाका घालायचे, तो माझ्या बोटांकडे बघत राहायचा… आणि मग तोंड उघडायचा.

"काल गोप्यानं काय टोला मारला, आवडे. चेंडू थेट विहिरीत."

"मग विहिरीत उतरलं कोण?"

"मी."

"आणि टाळ्या?"

"गोप्याला. टोला त्याचा ना."

"तुला काहीच नाही वाटत?"

तो खरोखर विचारात पडायचा. "पाणी गार होतं," म्हणायचा.

अशा माणसाचं काय करायचं, तू सांग.

कधी धोतराच्या सोग्यात बोरं बांधून आणायचा. पिकलेली, निवडलेली, एकही किडकं नाही. मी हात पुढे केला की म्हणायचा, "गोप्यानं दिलीत." माझा हात तिथंच थांबायचा. एकदा विचारलं, "आणि तू काय दिलंस?" तर खाली बघून म्हणाला, "मी आणून दिली ना."

मी ती बोरं शेळीला घालत असे. शेळी बरी माजली होती त्या माघात.

तुला सांगते मुली, दुसऱ्या बाईचा मत्सर करणं सोपं असतं. तिचं नाक फेंगडं म्हणता येतं, चालणं बदकासारखं म्हणता येतं. मिशावाल्या पुरुषाचं मी काय म्हणणार? रात्रंदिवस माझ्या डोक्यात गोपीनाथ. नवऱ्यानं ठेवलेल्या बाईचा कोणी करणार नाही इतका मी त्याचा विचार केला. तो समोरून येताना दिसला की मी वाट बदलायचे. तो बिचारा "बरी आहेस ना, आवडाबाय?" विचारायचा आणि मी असं बघायचे की त्यानं माझं घर जाळलंय.

एकादशीला याच देवळात कीर्तन असायचं. कल्याणचे हरिहरबुवा यायचे. काय गळा होता त्यांचा, ऐकताना डोळे आपोआप मिटायचे. मागे टाळ घेऊन धाकू. बुवांचा श्वास संपला की धाकू ओळ उचलून धरायचा, बुवा परत येईपर्यंत खाली पडू द्यायचा नाही. त्याला झील धरणं म्हणतात. माझे डोळे मिटायचे नाहीत. मी त्याच्याकडे बघायचे आणि तो दाराकडे बघायचा. गोप्या आला का, गोप्याला बसायला जागा मिळाली का. मी गाभाऱ्याकडे तोंड करून रखुमाईला म्हणायचे, बाई, तूसुद्धा रुसून वेगळी उभी आहेस म्हणतात, तुझ्याकडे निदान भक्तांची गर्दी होती कारण म्हणून. माझ्याकडे एक माणूस आणि एक दांडकं.

फाल्गुन लागला आणि दोन गोष्टी एकदम आल्या. ठाण्याहून माझ्यासाठी स्थळ आलं. आमच्यात बाईचा दुसऱ्यांदा पाट लागतो, त्यात कमीपणा नाही. माणूस बिजवर, घरचं आगर, स्वभावानं गरीब. आत्या म्हणाली, "होळी झाली की होकार कळवायचा. तुझ्या मनात दुसरं काही असलं तर आत्ताच बोल."

मी म्हटलं, "बोलायचं त्यानं ना."

"कोणी?"

"कोणी नाही."

आत्यानं सुतळीला पीळ देत माझ्याकडे एकदा बघितलं आणि गप्प बसली. ती शहाणी होती.

दुसरी गोष्ट म्हणजे सामना. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, कल्याणच्या अलीकडच्या माळावर, डोंबिवली आणि ठाणे. चौदगडीवर पैजा लागायच्याच. नारळापासून सुरुवात झाली होती आणि त्या वर्षी बैलापर्यंत गेली होती. पैजा घ्यायला कल्याणचा दौलतशेट, काळी छत्री आणि पानाचा डबा घेऊन. सारं गाव गोपीनाथावर लागलं. कोणी बकरी लावली, कोणी तोडे. आमच्या आत्यानं पितळेचा हंडा लावला.

होळीच्या आदल्या दुपारी धाकू सामन्याचा नवा चेंडू शिवण पक्की करायला घेऊन आला. मी ठरवलं होतं, आज विचारायचंच.

"धाकू, ठाण्याचं स्थळ आलंय मला."

वाफ्यावरून वारा येत होता. त्यानं कानामागचं फूल काढलं, बोटांत फिरवलं, परत कानामागे ठेवलं.

"गोप्याला… गोप्याला सांगितलंस?"

बघ. माझं लग्न, आणि मी गोप्याला सांगायचं.

"जा तू," मी म्हटलं. "सामन्याच्या सकाळी चेंडू घेऊन जा."

तो गेला. आणि मग मी जे केलं ते अजूनही विठोबाच्या पायाशी डोकं ठेवताना आठवतं. चेंडूची शिवण मी सगळी उसवली. पिकल्या वाफ्याच्या पाण्यात तो बुडवला, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत दाबून धरला. दीड दिवस बांधावर उन्हात वाळवला. वरून कोरडा, आत गाभाभर मीठ. मग कोऱ्या सुतळीनं शिवून टाकला. हातात घेतला तर नुसता वरवंटा. माझ्या डोक्यात पैजा नव्हत्या, गाव नव्हतं, आत्याचा हंडासुद्धा नव्हता. एकच होतं. गोपीनाथाचा टोला पडावा, आणि धाकूनं तो पडताना बघावा. एकदा तरी त्याच्यावरून नजर हटावी.

सकाळी मी चेंडू फडक्यात बांधून दिला. तो उघडायला लागला की मी संपले, असं वाटत होतं. पण त्यानं तो तसाच कमरेला खोचला.

"बघत नाहीस?"

"तुझ्या हातचा हाय. त्यात बघायचं काय?"

खरं सांगायची वेळ तीच होती. पण मी काही बोलले नाही. चूक तिथं झाली बघ. पाण्यात चेंडू बुडवला ती नुसती आग होती. त्या वेळी गप्प राहिले ते पाप.

माळावर जत्रा उसळली होती. अंगावर कालचा रंग, चण्या-कुरमुऱ्यांच्या टोपल्या, दौलतशेटची छत्री मधोमध. नियम असा होता की ज्याच्या हाती दांडकं, त्याच्याच गावचा चेंडू. ठाण्यानं आधी खेळून सात फेऱ्या केल्या. मग डोंबिवली आली, माझा चेंडू घेऊन.

ठाण्याच्या फेकणाऱ्यानं तो हातात तोलला, जरा थबकला, आणि गालात हसला. त्याला कळलं असणार, पण तो कशाला बोलतोय? आमचे गडी टोलवायला लागले तर चेंडू पाच पावलांवर थडाथड पडायचा. आगरावर राबलेले हात, तरी कशाबशा सहाच फेऱ्या झाल्या. शेवटी धाकू आला, एवढासा टोला मारून कसाबसा चौथ्या दगडावर पोचला. आणि गोपीनाथ उतरला. सारा माळ उभा राहिला.

त्यानं टोला हाणला. दांडक्याचा आवाज असा आला की कावळे उडाले. चेंडू वर गेला… आणि थकल्यासारखा खाली आला. पाच पावलं. दुसरा टोला, तेच. तीन टोले मिळायचे. आता एकच राहिला होता.

"विकला," कोणीतरी ओरडलं. "गोप्यानं सामना विकला. दौलतशेटकडून खाल्लं यानं."

आधी एक, मग दहा, मग सारा माळ. ज्यांनी बकरी लावली होती ते पुढे सरसावले. गोपीनाथ मधोमध उभा, दांडकं हातात, चेहरा असा की जणू त्याच्याच घरात त्याला चोर म्हणून धरलाय. "मी? अरे मी विकंन?" एवढंच म्हणत होता.

धाकू चौथ्या दगडावरून चालत आला. चेंडू उचलला. आणि जीभ लावली.

मी डोळे मिटले. त्याच्या जिभेला वाफा सांगावा लागत नसे. त्याला पाणी कळलं, वाफा कळला, आणि टाका तर माझा होताच. डोळे उघडले तेव्हा तो गर्दीत मला शोधत होता. सापडले. तो बघत राहिला. इतके दिवस मी ज्या नजरेसाठी जळत होते ती नजर आली, आणि मला ती झेलवेना.

मग तो लोकांकडे वळला.

"गोप्याचा दोष नाय. चेंडू खारा झालाय. माझ्या हातून वाफ्यात पडला. मी सुकवला आणि बोललो नाय."

"तू?" गोपीनाथ म्हणाला.

"मी."

"पडला का पाडलास? तुला किती दिले शेटनं?" कोणीतरी खेकसलं.

धाकू नुसता चेंडू हातात फिरवत राहिला.

गोपीनाथ पुढे आला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "धाकू, इकडं बघ. माझ्याकडं बघून सांग."

धाकूनं मान वर केली नाही. जन्मभर ज्याच्याकडे बघत आला, त्याच्याकडे आज त्याला बघता येईना. हेच मागितलं होतं ना मी? हेच. देवानं माझी मागणी शब्दाला शब्द पुरी केली होती.

आत्यानं माझा दंड धरला होता. मी तो सोडवला आणि माळात उतरले. बाईमाणसानं तिथं पाऊल ठेवायचं नसे. बडबड आपोआप थांबली.

"तो खोटं बोलतोय," मी म्हटलं. "चेंडू मी बुडवला."

दौलतशेटनं छत्री मिटली. "त्याला वाचवायला बोलतेस, बाई."

"मग चाखून बघा. चेंडू नुसता पडला असता तर दोराही खारा झाला असता. चामडं खारं आहे, दोरा अळणी आहे. बुडवून वाळवल्यावर मी तो कोऱ्या सुतळीनं शिवलाय."

गोपीनाथानं चेंडू घेतला. चामड्याला जीभ लावून थुंकला. मग शिवणीला लावली. मग चेंडू दौलतशेटपुढे धरला. दौलतशेटनं आधी धोतराच्या टोकानं पुसून घेतला आणि तोंड वाकडं करून चाखला. त्याच्या मागून ठाण्याचा म्होरक्या. चार मोठी माणसं एक चेंडू चाटताहेत, हे दृश्य त्या माळानं पुन्हा पाहिलं नसेल.

"अळणी हाय," म्होरक्या म्हणाला.

"पण का?" गोपीनाथानं विचारलं. रागानं नाही, लहान पोरासारखं. "मी तुझं काय वाईट केलं, आवडाबाय?"

आता लपवायचं तरी काय राहिलं होतं?

"हा माझ्या दारी येतो," मी म्हटलं, "आणि बोलतो तुझं. टाका मी घालते, कौतुक तुझं. माझ्यासमोर बसतो आणि डोळ्यांत तू. कीर्तनात बसले तर हा दाराकडे बघतो, तू आलास का म्हणून. बोरं आणली तरी तुझी. माझं लग्न निघालं तर म्हणतो गोप्याला सांगितलंस का. मी… मी कंटाळले तुझ्या नावाला. मला वाटलं, तुझा एक टोला पडला तर हा एकदा माझ्याकडे बघेल."

आणि गोपीनाथ मिशीला हात लावून म्हणाला, "बोरं? कसली बोरं? मी कुणाला बोरं दिली?"

सगळ्या माना धाकूकडे वळल्या. त्याच्या कानाच्या पाळ्या होळीच्या रंगाहून लाल झाल्या होत्या.

"धाकू," गोपीनाथ म्हणाला, "कुणाची होती रे बोरं?"

धाकू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "तू म्हणालेलास ना, या टाक्यांची मालकीण बघायला पायजे… मला वाटलं तुझ्या मनात…"

"अरे, मला फाटलेलं मुंडासं शिवून घ्यायचं होतं," गोपीनाथ म्हणाला.

आधी आत्या हसली. मग ठाण्याचे हसले. मग सारा माळ असा हसला की कल्याणच्या तळ्यावरचे बगळे उठले असतील. मी धाकूकडे बघून एवढंच म्हणू शकले, "ती सगळी शेळीनं खाल्ली."

ठाण्याचा म्होरक्या दिलदार निघाला. म्हणाला, आमचा चेंडू घ्या, शेवटचा टोला त्यावर मारा, पैजा होत्या तशाच. धाकू परत चौथ्या दगडावर गेला. ठाण्याच्या सात, आमच्या सहा. धाकू पहिल्या दगडाला पोचला की बरोबरी, आणि त्याच्यामागून गोपीनाथ पोचला की जिंकलो.

टोला बसला. कसला टोला होता तो. माळ ओलांडून, बाभळी ओलांडून, पलीकडे कुठं गेला ते कोणालाच दिसलं नाही. "पळ धाकू," गाव ओरडलं. गोपीनाथ पळत सुटला, दुसरा दगड, तिसरा दगड…

धाकू चौथ्या दगडावर उभा. हलेना. तो माझ्याकडे बघत होता.

सारं गाव त्याच्या नावानं बोंबलत होतं आणि तो बघत होता. गोपीनाथ मागून धाडकन येऊन त्याच्यावर आदळला, दोघं मातीत लोळले. ठाण्याचा गडी चेंडू शोधून, पळत येऊन पहिल्या दगडाला लावून आमची फेरी बाद करून मोकळा झाला, तरी हे दोघं एकमेकांच्या पायांत. आम्ही एका फेरीनं हरलो.

गोपीनाथ धूळ झटकत उठला. "बघितलंस तिच्याकडं?" म्हणाला. "झालं समाधान? आता ऊठ, माझा पाय सोड."

आत्याचा हंडा गेला. गावच्या बकऱ्या गेल्या. घरी जाताना आत्या म्हणाली, "हंडा गेला तो गेला. ठाण्याला नकार कळवते. पण त्या ठोंब्याला म्हणावं, पाणी आता मातीच्या मडक्यात भरावं लागणार, ते त्यानं भरायचं."

उन्हं उतरताना मी आगराच्या बांधावर बसले होते. तो आला. जरा लांब उकिडवा बसला. दोघंही वाफ्याकडे बघत होतो.

"रागावलास?"

"नाय."

"गोपीनाथासमोर तुला मान खाली घालायला लावली मी. ते मी कधी विसरणार नाही." आणि मग मला रडू आलं. सकाळपासून थांबलेलं सगळंच आलं.

तो जवळ सरकला. बोलायचं म्हणजे त्याला संकटच. मग त्यानं अंगठ्यानं माझा गाल पुसला… आणि सवयीनं तो अंगठा जिभेला लावला. डोळे मिटले. अगदी मन लावून.

"आवडे," तो म्हणाला, "हे पाणी पिकलंय. आता आणखी तापवायचं नाय."

आमच्या आगरावर त्यानं 'पिकलं' म्हटल्यावर कोणी वाद घालत नसे. मीही घातला नाही.

चैत्रात आमचा पाट लागला. गोपीनाथानं धाकूच्या डोक्याला स्वतःचं लाल मुंडासं बांधलं. जेवणाच्या पंगतीत तो वाढायला होता आणि सगळ्यात मोठ्यानं हसत होता. माझा मत्सर लगेच गेला असं समजू नकोस. पुढे छत्तीस वर्षांच्या संसारात धाकूनं पहिला घास तोंडात घालण्याआधी कितीदा विचारलं असेल, "गोप्या जेवला असंल का?" मी ताट आपटायचे. पण एक ताट जास्तही वाढायचे.

ते बघ, गरुडखांबाजवळ पांढऱ्या मिशांचा म्हातारा बसलाय ना, कानाला हात लावून? तोच. ऐकू कमी येतं आता. धाकूला जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून दर एकादशीला मी त्याला हात धरून आणते आणि कीर्तन होईपर्यंत माझ्याशेजारी बसवते. बुवांचा श्वास संपला आणि मागून टाळकऱ्यानं ओळ उचलली की तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. मी आणि माझी सवत. आम्हाला दोघांना एकच आवाज ऐकू येतो.

चल, खिचडी आली वाटतं. ऊठ. आणि हे बघ, तू तरुण आहेस, पुष्कळ कीर्तनं ऐकशील. लोक तुला गोपीनाथाच्या टोल्यांच्या गोष्टी सांगतील, त्याही ऐक, खऱ्या आहेत. पण ओळ पुढच्याच्या तोंडून सुटेल आणि मागचा कोणी ती खाली पडू देणार नाही, तेव्हा एकदा मनातल्या मनात माझ्या धाकूचं नाव घे.